संगणक-सल्ला : सर्व्हर शहरात, काम गावात

या अंकासाठी निवडलेली पत्रे विदर्भाच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आली असली, तरी त्या सर्वांचा विषय एकच आहे. कोडचा साठा सबव्हर्जन या, कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीच्या दूरच्या सर्व्हरवर असताना आणि इंटरनेटचा भरवसा नसताना काम कसे चालवावे, असे वाचक विचारतात. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे मात्र जिथे गरज वाटली तिथे सविस्तर आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका कंपनीसाठी घरून प्रोग्रामिंग करते. लग्नानंतर गावी राहते. आमच्याकडे मोबाइलची रेंज गच्चीवर किंवा फाट्यावर गेल्यावरच मिळते, आणि पावसाळ्यात तीही दिवस-दिवस नसते. कंपनीचा सगळा कोड सबव्हर्जनमध्ये आहे. सहकारी म्हणतात, ही केंद्रीय पद्धत असल्यामुळे नेटशिवाय तिच्यात काहीच करता येत नाही. हे खरे आहे का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सबव्हर्जनमध्ये कोडचा इतिहास एकाच ठिकाणी, म्हणजे सर्व्हरवरील रिपॉझिटरीत असतो, हे बरोबर. पण आपण चेकआउट करतो, म्हणजे कोड प्रथम आपल्याकडे उतरवून घेतो, तेव्हा नुसत्या फाइली उतरत नाहीत, तर त्या प्रत्येक फाइलची जशीच्या तशी दुसरी प्रतही आपल्या लॅपटॉपवर ठेवली जाते. सातबाऱ्याची मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी राहते आणि फेरफाराची नोंदही तिथेच होते, पण उतारा घरात असला की कोणत्या गटात काय लिहिले आहे हे पाहायला साझ्यावर जावे लागत नाही; इथेही तसेच आहे.

ही दुसरी प्रत कुठे असते, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. वर्किंग कॉपीच्या, म्हणजे आपण उतरवलेल्या कोडच्या फोल्डराच्या, मुळाशी टिंबाने सुरू होणारे ‘एसव्हीएन’ नावाचे एक लपलेले फोल्डर असते. २०११ साली आलेल्या १.७ आवृत्तीपासून ते फक्त मुळाशी असते. त्याआधी ते प्रत्येक उपफोल्डरात असे. त्याच्या आत ‘प्रिस्टीन’ नावाचे फोल्डर असून त्यात आपल्या फाइलींच्या मूळ प्रती लांबलचक सांकेतिक नावांनी ठेवलेल्या असतात, आणि कोणती प्रत कोणत्या फाइलीची हे सांगणारा एक छोटा एसक्यूलाइट डेटाबेस शेजारीच असतो. वर्किंग कॉपीचा आकार मूळ कोडच्या जवळपास दुप्पट का दिसतो, याचे कारण हेच आहे. सबव्हर्जनचे काम २००० साली सुरू झाले आणि १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. त्यापूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीव्हीएस या जुन्या प्रणालीत आपण काय बदलले एवढे पाहण्यासाठीही सर्व्हरला विचारावे लागे. डिस्क स्वस्त आहे आणि नेटवर्क महाग, हा हिशेब धरून सबव्हर्जनच्या कर्त्यांनी ही जास्तीची प्रत जाणीवपूर्वक ठेवली. आपल्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाला त्या निर्णयाचा लाभ आजही रोज मिळतो.

याचा प्रत्यक्ष अर्थ असा की ‘स्टेटस’, ‘डिफ’ (काय बदलले ते दाखवणारी), ‘रिव्हर्ट’, ‘अॅड’, ‘डिलीट’, ‘मूव्ह’, ‘रिझॉल्व्ह’ आणि ‘क्लीनअप’ (अर्धवट तुटलेले काम आवरणारी) या आज्ञा नेटशिवाय चालतात. स्टेटसच्या यादीत फाइलीच्या नावापुढे ‘एम’ दिसले तर ती बदललेली आहे, ‘ए’ म्हणजे नव्याने जोडलेली, प्रश्नचिन्ह म्हणजे सबव्हर्जनला माहीतच नसलेली, आणि उद्गारचिन्ह म्हणजे सबव्हर्जनला न सांगता डिस्कवरून नाहीशी झालेली. हे शेवटचे चिन्ह पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक चुकून उडालेली फाइल, किंवा अख्खे उपफोल्डरसुद्धा, ‘रिव्हर्ट’ने तिथल्या तिथे परत आणता येते, कारण मूळ प्रत लपलेल्या फोल्डरात शाबूत असते. परत येते ती मात्र शेवटच्या अपडेटच्या (सर्व्हरवरचे बदल खाली घेण्याच्या) किंवा कमिटच्या (आपले बदल सर्व्हरवर नोंदवण्याच्या) वेळची प्रत. त्यानंतर त्या फाइलीत केलेले बदल परत येत नाहीत. रिव्हर्टची आज्ञा देण्याआधी ‘डिफ’ पाहण्याची सवय म्हणूनच ठेवावी.

नेटशिवाय जे होत नाही, ते असे : कमिट, अपडेट, जुन्या आवृत्त्यांशी तुलना, कमिटची यादी दाखवणारा ‘लॉग’, कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारे ‘ब्लेम’, ब्रांच (कोडची समांतर शाखा) बदलणे, मर्ज (शाखांतील बदल एकत्र करणे) आणि लॉक (फाइल आपल्यापुरती राखून ठेवणे). या सर्वांना सर्व्हर लागतो. तेव्हा फाट्यावर किंवा तालुक्याच्या गावी रेंज मिळेल तेव्हा काय काय उतरवून घ्यायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. लॉगचा मजकूर बदललेल्या फाइलींच्या यादीसह एका साध्या टेक्स्ट फाइलीत साठवून आणावा. ज्या दोन-चार फाइलींवर त्या आठवड्यात काम आहे त्यांचे ब्लेमही तसेच आणावे. विंडोजवर टॉर्टॉइज-एसव्हीएन हा सबव्हर्जनचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याला स्वतःची लॉग-साठवण असते. एकदा पाहिलेला लॉग सर्व्हर न सापडल्यास तो त्या साठवणीतून दाखवतो. जुन्या एखाद्या आवृत्तीशी वारंवार ताडून पाहावे लागत असेल, तर त्या टॅगची (नाव देऊन ठेवलेल्या आवृत्तीची) वेगळी वर्किंग कॉपीच उतरवून ठेवणे सोयीचे पडते.

पहिला चेकआउट हे सर्वांत जड काम आहे आणि ते मोबाइलच्या डेटावर करू नये. पुण्याचा एखादा सहकारी आपली स्वच्छ वर्किंग कॉपी लपलेल्या फोल्डरासह झिप करून पेनड्राइव्हवर देऊ शकतो. ती कोणत्याही लॅपटॉपवर उघडली की चालते, आणि सर्व्हरचा पत्ता आपल्याकडे वेगळा असेल तर ‘रिलोकेट’ या आज्ञेने तेवढा बदलता येतो. त्यानंतरची अपडेट आणि कमिट ही कामे हलकी असतात. दोन्हीकडे मूळ प्रत असल्यामुळे सबव्हर्जन जाताना आणि येताना फक्त फरक पाठवते.

एक कळकळीची सूचना करतो. वर्किंग कॉपी कोणत्याही आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरात ठेवू नये. नेट येत-जात असताना ती सेवा लपलेल्या डेटाबेसची अर्धवट किंवा जुनी प्रत वर चढवते, आणि दुसऱ्या संगणकावर तीच उतरली की वर्किंग कॉपी बिघडते. सुरक्षित प्रत हवी असेल तर काम थांबवून संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावे.

प्रश्न : नेट नसताना मी आठवडाभर काम करतो. शेवटी कमिट करतो तेव्हा पाच-सहा वेगवेगळी कामे एकाच कमिटमध्ये जातात आणि आमचे टीम लीडर नाराज होतात. शिवाय मधल्या दिवशी चालणारा कोड दुसऱ्या दिवशी बिघडला, तर मागे जायला वाट राहत नाही. यावर काही उपाय आहे का?
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : केंद्रीय पद्धतीची खरी अडचण आपण नेमकी पकडली आहे. नेटशिवाय काम करता येते, पण कामाचे टप्पे नोंदवता येत नाहीत. लॅपटॉपवर असलेली मूळ प्रत एकच, म्हणजे शेवटच्या अपडेटची. तिच्यात आणि आजच्या फाइलीत जे काही घडले ते सबव्हर्जनच्या दृष्टीने एकच मोठा बदल असतो.

आपले दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, म्हणून उपायही वेगवेगळे सांगतो. कामे एकमेकांत मिसळू नयेत एवढेच हवे असेल, तर ‘चेंजलिस्ट’ पुरेशी आहे. ही सोय २००८ च्या १.५ आवृत्तीपासून आहे. फाइलींच्या एका गटाला नाव द्यावे, दुसऱ्या गटाला दुसरे, आणि रेंज मिळाली की एकेका चेंजलिस्टचे वेगळे कमिट करावे. हे सगळे नाव देणे नेटशिवाय होते. कमिटचा संदेशही त्याच वेळी टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवावा. आठ दिवसांनी लिहिलेला संदेश सहसा ‘किरकोळ दुरुस्त्या’ यापलीकडे जात नाही आणि पुढे तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चेंजलिस्टची मर्यादा अशी की एक फाइल एकाच यादीत राहू शकते. एकाच फाइलीत दोन कामांच्या ओळी असतील तर ती उपयोगी नाही.

मागे जाण्याची वाट हवी असेल, तर सर्वांत साधा मार्ग पॅचचा आहे. एखादे काम चालू स्थितीत आले की ‘डिफ’चा मजकूर तारीख आणि कामाचे नाव देऊन फाइलीत साठवावा. पुढे बिघाड झाला तर सगळे रिव्हर्ट करून तो पॅच ‘एसव्हीएन पॅच’ या आज्ञेने पुन्हा लावता येतो. ही आज्ञा १.७ पासून आहे आणि युनिक्सच्या जुन्या पॅच प्रोग्रामपेक्षा आपल्या कामाला बरी, कारण पॅचमधील नवी फाइल ती सबव्हर्जनला जोडूनही देते. जो तुकडा बसला नाही तो ती टाकून देत नाही. त्या फाइलीच्या नावाला ‘रेज’ असे शेपूट जोडलेल्या वेगळ्या फाइलीत ठेवते, म्हणजे तो हाताने बसवता येतो. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. रिव्हर्टनंतर, आधी ‘अॅड’ केलेली नवी फाइल डिस्कवर तशीच राहते. पॅच लावण्यापूर्वी ती बाजूला काढावी. आणि चित्रे, स्प्रेडशीट, पीडीएफ यांसारख्या बायनरी फाइलींचे बदल साध्या पॅचमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या कॉपी करून ठेवाव्या लागतात. सबव्हर्जनने २०१८ च्या १.१० आवृत्तीत ‘शेल्व्ह’ म्हणजे बदल बाजूला काढून ठेवण्याची सोय आणली खरी, पण ती प्रायोगिक म्हणूनच दिली होती आणि पुढच्या आवृत्त्यांत तिचे रूप बदलत गेले. पोटापाण्याचे काम तिच्यावर सोपवावे, असे मी सुचवणार नाही.

आपण रोज अनेक टप्पे नोंदवणारे असाल, तर पॅचचा ढीग लवकरच आवरेनासा होतो. अशा वेळी गिट-एसव्हीएन शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गिट २००५ साली लिनक्सच्या कर्नलसाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केले. त्यात संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो आणि कमिटला नेट लागत नाही. गिट-एसव्हीएन हे गिट आणि सबव्हर्जन यांच्यामधला दुवा आहे. कंपनीचा सर्व्हर आहे तसाच राहतो, तिथे कोणाची परवानगी किंवा नवी व्यवस्था लागत नाही. आपल्या लॅपटॉपवर मात्र गिट असते. दिवसभर छोटी-छोटी कमिट करावीत, लॉग पाहावा, ब्लेम पाहावे, मागे जावे. रेंज मिळाली की आधी ‘गिट एसव्हीएन रिबेस’ करावे, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल खाली येऊन आपली कमिट त्यांच्यावर बसतात. मग कोड चालवून पाहावा आणि ‘डीकमिट’ करावे. आपले प्रत्येक गिट कमिट सर्व्हरवर सबव्हर्जनचे स्वतंत्र कमिट म्हणून जाते. टीम लीडरांची तक्रार इथेच मिटते.

याची किंमतही सांगितली पाहिजे. पहिल्या वेळी गिट-एसव्हीएन सर्व्हरवरची एकेक आवृत्ती क्रमाने आणते, त्यामुळे हजारो कमिटच्या जुन्या रिपॉझिटरीला तासन्‌तास लागू शकतात. हे काम चांगले नेट असलेल्या शहरातील मित्राकडे करून घ्यावे आणि तयार फोल्डर डिस्कवर आणावे, किंवा अलीकडच्या ठरावीक आवृत्तीपासूनचाच इतिहास घ्यावा. मध्ये नेट तुटले तर ‘फेच’ची (इतिहास उतरवण्याची) आज्ञा पुन्हा द्यावी, ते थांबले होते तिथून पुढे सुरू होते. सबव्हर्जनचा इतिहास सरळ रेषेत चालतो, म्हणून डीकमिट होणाऱ्या ब्रांचवर गिटचे मर्ज टाळून रिबेसच वापरावे. डीकमिट झाल्यावर गिटमधील कमिट नव्याने लिहिली जातात आणि त्यांच्या ओळखखुणा बदलतात; ती आधीच दुसऱ्या कोणाला दिली असतील तर गोंधळ होतो. रिकामी फोल्डरे गिट लक्षात ठेवत नाही. आपल्या प्रकल्पात सबव्हर्जनचे ‘एक्स्टर्नल्स’ (दुसऱ्या ठिकाणाहून जोडलेली फोल्डरे) असतील तर ते हाताने आणावे लागतील. एवढे सांभाळले, तर आठवडाभराचे एकत्र गाठोडे पाठवण्याची वेळ पुन्हा येणार नाही.

प्रश्न : कमिट करता करता नेट जाते. अर्धा कोड सर्व्हरवर जाऊन बसला असेल, या भीतीने मी पुन्हा कमिट करायला घाबरते. अपडेट मध्येच तुटले तर काय करावे?
(एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : कमिटबद्दल निश्चिंत राहावे. सबव्हर्जनचे कमिट पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. आपल्या फाइली सर्व्हरवर आधी एका तात्पुरत्या व्यवहारात गोळा होतात, आणि सगळ्या पोहोचल्यावरच त्यांना आवृत्तीचा क्रमांक मिळतो. मध्येच नेट गेले तर तो व्यवहार अर्धवट पडून राहतो, पण दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही. सर्व्हर सांभाळणारे सवडीने तो काढून टाकतात. दहा फाइलींपैकी सहा गेल्या आणि चार राहिल्या, असे होत नाही.

एक बारीक शक्यता मात्र लक्षात असू द्यावी. सर्व्हरने क्रमांक दिला आणि ‘झाले’ हा निरोप आपल्यापर्यंत येण्याआधीच नेट गेले, असे होऊ शकते. तेव्हा सर्व्हरवर कमिट झालेले असते आणि लॅपटॉपला ते ठाऊक नसते. म्हणून पुन्हा कमिट करण्यापूर्वी सर्व्हरच्या पत्त्यावरचा शेवटचा लॉग पाहावा. आपला संदेश तिथे दिसला तर अपडेट घ्यावे. बदललेल्या टेक्स्ट फाइलींत दोन्हीकडचा मजकूर एकच असल्यामुळे त्या निमूटपणे जुळतात. नव्याने जोडलेल्या फाइलींवर कॉन्फ्लिक्ट (आपोआप न जुळणाऱ्या बदलांचा पेच) येऊ शकतो. आपली प्रत बाजूला काढून, ती जोडणी रिव्हर्ट करून, मग अपडेट घेतले की प्रश्न सुटतो.

अपडेटची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते खरी सावधगिरी तिथे हवी. अपडेट तुटले तर काही फाइली नव्या आणि काही जुन्या राहतात. आधी ‘क्लीनअप’ करावे आणि मग पुन्हा अपडेट. उतरलेल्या फाइली पुन्हा उतरत नाहीत. पण नेट लवकर परत आलेच नाही, तर तो अर्धा नवा आणि अर्धा जुना कोड आपल्याकडे राहतो, आणि कदाचित तो कंपाइलही होणार नाही. मागे जायला सर्व्हर लागतो, आणि नेमका तोच हाताशी नसतो. अपडेट पूर्ण झाले, पण सहकाऱ्याने त्याच दिवशी काही बिघडवून ठेवले होते, तरीही स्थिती तीच होते. यासाठी दोन वर्किंग कॉपी ठेवाव्यात. एकीत काम करावे. दुसरीत अपडेट घेऊन कोड चालतो की नाही ते पाहावे, आणि ती ठीक निघाली तरच पहिली अपडेट करावी. डेटा दुप्पट जाईल असे वाटत असेल, तर अपडेटपूर्वी कामाचे फोल्डर लपलेल्या फोल्डरासह डिस्कवर कॉपी करून ठेवले तरी भागते. वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर त्यांच्या तोंडावर मोठे अपडेट सुरूच करू नये. अपडेटमध्ये कॉन्फ्लिक्ट निघाले तर ते ‘पोस्टपोन’ करून ठेवावेत. कॉन्फ्लिक्ट झालेल्या टेक्स्ट फाइलीच्या शेजारी तिच्या तीन प्रती येतात : ‘माइन’ या शेपटाची आपली, जुन्या क्रमांकाची मूळ आणि नव्या क्रमांकाची सर्व्हरवरची. सगळे लॅपटॉपवर असल्यामुळे ते घरी येऊन निवांतपणे सोडवता येतात, रेंजपाशी उभे राहून घाईने सोडवावे लागत नाहीत.

कमिटपूर्वी नेहमीच संपूर्ण अपडेट घ्यावे लागते, असाही एक समज आहे. तसे नाही. आपण ज्या फाइली बदलल्या त्याच दुसऱ्या कोणी बदलल्या असतील, तरच सबव्हर्जन अडवते. पाच मिनिटांपुरतीच रेंज असेल तर ही सवलत उपयोगी पडते, पण तिचा आधार क्वचितच घ्यावा. कारण आपला नवा कोड आणि इतरांचा नवा कोड एकत्र चालतो का, हे त्या क्षणापर्यंत कोणीच पाहिलेले नसते.

प्रश्न : आम्ही चौघे ग्रामसभांच्या तेंदूपत्ता आणि बांबूच्या हिशेबासाठी एक प्रोग्राम तयार करतो. सर्व्हर नागपूरला आहे. आमच्या कार्यालयात नेट कधी असते, कधी नसते. आपसांत मात्र लॅनने जोडलेले आहोत. सर्व्हरची एक नक्कल इथेच ठेवून चौघांनी तिच्यावर काम करावे आणि आठवड्यातून एकदा नागपूरशी जुळवावे, असे चालेल का?
(एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : वाचण्यासाठी नक्कल जरूर ठेवावी, तिच्यावर कमिट मात्र करू नये. सबव्हर्जनसोबत १.४ आवृत्तीपासून ‘एसव्हीएनसिंक’ हे साधन येते. ते नागपूरच्या रिपॉझिटरीतील एकेक आवृत्ती क्रमाने आपल्या कार्यालयातील रिपॉझिटरीत उतरवते आणि पुढच्या वेळी जिथे थांबले होते तिथून सुरू करते. लॉग, ब्लेम, जुन्या आवृत्त्यांची तुलना हे सारे मग लॅनवर चालते, आणि चौघांपैकी प्रत्येकाला तोच डेटा वेगवेगळा उतरवावा लागत नाही. वर्किंग कॉपी नकलेवरून उतरवून कमिटपुरती ‘रिलोकेट’ने नागपूरकडे वळवायची असेल, तर दोन्ही रिपॉझिटरींचा ओळखक्रमांक एकच असावा लागतो, नक्कल तयार करणाऱ्याने तो सुरुवातीलाच जुळवून घ्यावा.

मात्र ही नक्कल एकमार्गी आहे. सबव्हर्जनमधील आवृत्त्यांचे क्रमांक एका रांगेत चालतात. इथे कोणी चारशे एकावे कमिट केले आणि त्याच दिवशी नागपूरलाही चारशे एकावे झाले, तर पुढे त्या दोन इतिहासांना एकत्र करण्याची वाटच सबव्हर्जनकडे नाही, आणि एसव्हीएनसिंक त्या नकलेवर पुन्हा चालणार नाही. अपाची वेब सर्व्हरद्वारे चालणाऱ्या रिपॉझिटरीसाठी १.५ पासून अशीही सोय आहे की नकलेकडे आलेले कमिट ती परस्पर मुख्य सर्व्हरकडे पाठवते. पण त्या क्षणी नेट लागतेच, म्हणजे आपली मूळ अडचण राहतेच.

चौघांना आपसांत देवाणघेवाण करायची आहे, हे ध्यानात घेता मला गिट-एसव्हीएनचाच मार्ग योग्य वाटतो. कार्यालयातील एका संगणकावर गिटची सामायिक रिपॉझिटरी ठेवावी, आणि नागपूरकडे डीकमिट करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. इतर तिघांनी आपली कमिट तिच्याकडे सोपवावीत आणि डीकमिटनंतरचा नवा इतिहास पुन्हा खाली घ्यावा. नागपूरच्या लॉगमध्ये मग सर्व कामावर त्या एकाच व्यक्तीचे नाव लागते. हे मला खटकते. ज्याने काम केले त्याचे नाव नोंदीत असलेच पाहिजे. त्यासाठी गिट-एसव्हीएनमध्ये मूळ लेखकाचे नाव कमिटच्या संदेशात जोडण्याचा पर्याय आहे, तो सुरुवातीपासूनच चालू ठेवावा.

हा सगळा व्याप चौघांनाही नवा आणि अवघड वाटत असेल, तर पॅचची देवाणघेवाण करावी. ती लॅनवर होते, पेनड्राइव्हवरही होते. फक्त चौघांच्या वर्किंग कॉपी एकाच आवृत्तीवर असाव्यात, म्हणजे पॅच बिनबोभाट बसतात. अपडेट चौघांनी एकाच दिवशी घ्यायचे, एवढा नियम त्यासाठी पुरे. नागपूरच्या मंडळींना गिटकडे यायला भाग पाडावे का, असेही आपण पत्रात विचारले आहे. त्यांचे काम आहे त्या व्यवस्थेत नीट चालत असेल, तर आपल्या अडचणीचा उपाय आपल्या बाजूला करता येतो तोवर त्यांना हलवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या हिशेबाच्या स्प्रेडशीट सबव्हर्जनमध्ये ठेवल्या आहेत. मी नेटशिवाय घरी भरलेली फाइल आणि कार्यालयात दुसऱ्याने भरलेली फाइल एकमेकींवर आदळतात, आणि दोघांपैकी एकाचे काम वाया जाते.
(एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : टेक्स्ट फाइलींतील ओळी सबव्हर्जन जुळवू शकते, स्प्रेडशीटमधील रकाने जुळवू शकत नाही. अशा फाइलींना ‘नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावावा. तो लावल्यावर फाइल प्रत्येकाच्या वर्किंग कॉपीत केवळ वाचण्यापुरती उघडते, आणि लॉक घेतल्यावरच लिहिण्यासाठी मोकळी होते. लॉक घ्यायला सर्व्हर लागतो, म्हणून घरी निघण्यापूर्वी कार्यालयातच आधी अपडेट आणि मग लॉक घ्यावे. लॉक घेताना संदेश लिहिता येतो. त्यात आपण केव्हा परत येणार ते लिहावे. कमिट केले की लॉक आपोआप सुटते. काहीच न बदलता परत आलात तर ते आठवणीने सोडावे, कारण तोवर फाइल दुसऱ्या कोणालाही भरता येत नाही. फार अडले तर दुसऱ्याला ते तोडता येते, पण तोडण्यापूर्वी त्याने आपल्याला फोन करून विचारावे, असा नियम कार्यालयात आधीच ठरवून घ्यावा. लॉक तुटले आहे हे आपल्या लॅपटॉपला नेट मिळेपर्यंत कळत नाही, आणि तोवर आपण त्याच फाइलीत भरत असता.